किल्ली नसलेला पहारेकरी

फेब्रुवारी उजाडला की युरोपातल्या रग्बीत एक वाद नेमाने सुरू होतो: सिक्स नेशन्स या इंग्लंड, फ्रान्स, आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि इटली यांच्या वार्षिक स्पर्धेत जॉर्जियाला घ्यायचं का, आणि घ्यायचं तर बाहेर कोणाला काढायचं? वर्षानुवर्षं उत्तरात इटलीचं नाव असायचं. २०२४ आणि २०२५ मध्ये वेल्स पाचच्या पाच सामने हरून तळाला गेला, तेव्हा नाव बदललं, वाद तोच राहिला. एक बाजू जॉर्जियाचे विजय मोजते, दुसरी रोममधल्या स्टेडियमातली गर्दी मोजते, आणि दोघंही गृहीत धरतात की कुठेतरी एक निवड समिती बसली आहे, तिला पुरेसं पटवलं की ती दार उघडेल. अशी समिती नाही. सिक्स नेशन्स ही युरोपच्या रग्बी संघटनेची स्पर्धाच नाही. ती सहा राष्ट्रीय संघटनांनी मिळून चालवलेल्या कंपनीची आहे, आणि २०२१ मध्ये सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीने तिच्यातला सातवा हिस्सा ३६.५ कोटी पौंडांपर्यंत मोजायच्या बोलीवर विकत घेतला. कोणता संघ जास्त लायक, हा प्रश्न म्हणून नंतरचा. आधीचा प्रश्न असा, की लायकी ठरवण्याचा अधिकार खंडाच्या संघटनेकडे असावा, की ज्यांची जागा पणाला लागणार त्यांच्याचकडे? माझ्या मते तो खंडाच्या संघटनेकडे, म्हणजे रग्बी युरोपकडे असायला हवा, निदान दोन वर्षांतून एका सामन्यापुरता तरी. आणि तो मिळण्याआधी रग्बी युरोपने स्वतःच्या घरातला केर काढायला हवा.

ही संघटना करते काय, हे नीट पाहायला हवं, कारण नावावरून भलताच समज होतो. फुटबॉलमध्ये युएफा युरो स्पर्धा भरवते, चॅम्पियन्स लीगही भरवते. रग्बीत राष्ट्रीय संघांची सगळ्यात मोठी स्पर्धा रग्बी युरोपच्या हातात नाही, आणि क्लबांचा चॅम्पियन्स कपही ईपीसीआर या वेगळ्याच संस्थेकडे आहे. उरतं ते दुसऱ्या पायरीवरची रग्बी युरोप चॅम्पियनशिप, तिच्याखाली ट्रॉफी आणि कॉन्फरन्स, सेव्हन्स (सात-सात खेळाडूंची रग्बी) आणि ज्युनियर स्पर्धा, विश्वचषकाची पात्रता फेरी, या सामन्यांसाठी पंच नेमणं. सदस्य चाळीसहून अधिक. इंग्लंड आणि फ्रान्सही त्यांत आहेत. पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या परिषदेत सिक्स नेशन्समधल्या प्रत्येक संघटनेला ३ मतं आहेत, सहांची मिळून १८. रग्बी युरोपला २. जॉर्जियासारख्या मोजक्या संघटनांना स्वतःची मतं आहेत, तीही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. २०२४ ची अध्यक्षपदाची निवडणूक २७ विरुद्ध २५ अशी सुटली; एवढ्या अटीतटीच्या सभागृहात १८ मतांच्या गठ्ठ्याला दुखवायला कोण धजावेल?

गंमत अशी की सगळ्यात वरच्या दाराखाली प्रत्येक दार उघडं आहे. २०२३ पासून चॅम्पियनशिपमध्ये चार-चारच्या दोन गटांत आठ संघ खेळतात. दोन मोसमांचा हिशोब झाल्यावर पोलंड खाली गेला आणि २०२५ मध्ये स्वित्झर्लंड वर आला. आकाश कोसळलं अशी ओरड कोणी केली नाही. वॉर्सात जो नियम न्याय्य, तो कार्डिफमध्ये खेळाच्या मुळावर कसा काय उठतो?

बंद दारापुढे ताटकळण्याचा हा प्रकार नवा नाही. किंबहुना ही संघटना जन्माला आली तीच त्यातून. रग्बीचा कारभार पाहणारं इंटरनॅशनल बोर्ड १८८६ मध्ये स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स यांनी काढलं, इंग्लंड १८९० मध्ये त्यात आलं. फ्रान्स १९१० पासून या चौघांशी दरवर्षी खेळत होता, पण बोर्डावर त्याला खुर्ची नव्हती. खुर्ची मिळायला १९७८ उजाडलं. मधल्या काळात, १९३१ मध्ये, फ्रेंच क्लबांमधल्या छुप्या पगारांवरून आणि मैदानावरच्या मारामाऱ्यांवरून चौघांनी फ्रान्सशी खेळणंच थांबवलं. तेव्हा फ्रान्सने इटली, जर्मनी, रोमानिया वगैरेंना गोळा करून १९३४ मध्ये फिरा ही संघटना उभी केली. त्याच फिराचं १९९९ मध्ये युरोपच्या अधिकृत प्रादेशिक संघटनेत रूपांतर झालं आणि २०१४ मध्ये नाव रग्बी युरोप झालं. ज्याला बाहेर काढलं त्याने बाहेरच्यांची संघटना काढली, आणि पुढे तो स्वतः आत जाऊन बसला. १९४७ मध्ये फाइव्ह नेशन्स (सिक्स नेशन्सचं इटली येण्याआधीचं रूप) पुन्हा सुरू झाल्यावर फ्रान्सने फिराच्या सोबत्यांसाठी आतून दार लावून घेतलं, असं म्हटलं तर फ्रेंच रसिक रागावतील. पण दारावर टकटक करणाऱ्यांसाठी त्याने काय केलं, याची यादी फार लांब नाही.

या दाराची खरी किंमत रोमानियाने मोजली. त्याने १९८० मध्ये बुखारेस्टला फ्रान्सला १५-० असं कोरडं ठेवलं. १९८३ मध्ये वेल्सला २४-६, १९८४ मध्ये स्कॉटलंडला २८-२२. १९८८ मध्ये तर कार्डिफला जाऊन वेल्सला १५-९ हरवलं. फाइव्ह नेशन्समधल्या एखाद्या संघाने दशकभरात एवढं केलं असतं तर त्याला सुवर्णकाळ म्हटलं असतं. रोमानियाला आमंत्रण आलं नाही. कारणं सांगितली जायची ती पोलादी पडद्याची, प्रवासाची, प्रेक्षकांची. त्यांत तथ्यही होतं. मग १९८९ मध्ये राजवट कोसळली, तिच्याबरोबर सैन्य आणि पोलिसांच्या क्लबांना मिळणारा सरकारी पैसा गेला, १९९५ मध्ये रग्बी व्यावसायिक झालं आणि उरलेसुरले खेळाडू फ्रान्सला निघून गेले. नोव्हेंबर २००१ मध्ये ट्विकनहॅमवर इंग्लंडने रोमानियाला १३४-० हरवलं. हा निकाल दाखवून ‘बघा, यांना आत घेतलं असतं तर?’ असं विचारणारे आजही भेटतात. प्रश्न उलटा विचारायला हवा: १९८४ मध्ये घेतलं असतं, तर २००१ मध्ये हा निकाल लागला असता का? क्रिकेटवाल्यांना इथे केनिया आठवेल. २००३ च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठलेला संघ, कसोटीचा दर्जा कधीच मिळाला नाही, आणि आज त्याची आठवण फक्त प्रश्नमंजूषेत निघते. संघ चांगला असतो तो काही वर्षांपुरता. त्या वर्षांत त्याच्या देशाला नियमित मोठे सामने आणि त्यांचा पैसा मिळाला तर पुढची पिढी तयार होते, नाहीतर नाही.

आता विरोधकांचं म्हणणं. त्यातला सगळ्यात भक्कम मुद्दा दर्जाचा आहे असं सगळ्यांना वाटतं. मला तो सगळ्यात कच्चा वाटतो. २०२० च्या शरद ऋतूत जॉर्जियाला प्रथमच मोठ्या संघांविरुद्ध ओळीने सामने मिळाले: इंग्लंडशी ०-४०, वेल्सशी ०-१८, आयर्लंडशी १०-२३. पराभव, निर्विवाद. पण इंग्लंड विश्वचषकाबाहेर जॉर्जियाशी खेळण्याची ती पहिली वेळ होती. त्याआधी २०१८ मध्ये इंग्लंडने स्क्रमच्या, म्हणजे दोन्ही संघांच्या पुढच्या खेळाडूंनी एकमेकांना रेटण्याच्या, सरावासाठी मात्र जॉर्जियाच्या संघाला आवर्जून बोलावून घेतलं होतं. म्हणजे घाम गाळायला चालतो, पंगतीला नको. पुढच्याच दोन वर्षांत याच जॉर्जियाने बाटुमीत इटलीला २८-१९ आणि कार्डिफमध्ये वेल्सला १३-१२ असं हरवलं. इटलीचा इतिहास तर दर्जाच्या युक्तिवादाची हवाच काढून घेतो. इटली आत आला तो फिराच्याच जिन्याने चढून: १९९७ मध्ये ग्रेनोबलला फिरा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने ग्रँड स्लॅम (फाइव्ह नेशन्समधले सगळे सामने) जिंकून आलेल्या फ्रान्सला ४०-३२ हरवलं होतं. २००० मध्ये सिक्स नेशन्सच्या पहिल्याच सामन्यात स्कॉटलंडलाही हरवलं. आणि पुढे २०१५ ते २०२२ या काळात याच इटलीने स्पर्धेतले सलग ३६ सामने गमावले. तरी जागा टिकली, आणि टिकली म्हणूनच २०२४ मध्ये त्याने स्कॉटलंड आणि वेल्सला हरवून फ्रान्सशी बरोबरी साधली. आत राहिल्याने संघ सुधारतो हे इटलीने सिद्ध केलं. मग बाहेरच्याला ‘आधी सुधारा, मग या’ कुठल्या तोंडाने सांगायचं? अर्जेंटिनाचं उदाहरणही हेच सांगतं. २००७ च्या विश्वचषकात तिसरा आलेला हा संघ दक्षिण गोलार्धाच्या वार्षिक स्पर्धेत आला २०१२ मध्ये. तिथला पहिला विजय २०१४ मध्ये, न्यूझीलंडवरचा पहिला २०२० मध्ये.

खरोखर भक्कम मुद्दा पैशाचा आहे, आणि दार उघडा म्हणणारे तो भावनेच्या भरात उडवून लावतात. वेल्सचंच बघा. सुमारे ७४ हजार आसनांचं स्टेडियम संघटनेच्या मालकीचं आहे. सिक्स नेशन्समध्ये घरचे सामने एका वर्षी दोन, दुसऱ्या वर्षी तीन. व्यावसायिक प्रादेशिक संघांना दिला जाणारा पैसा, शाळांमधले प्रशिक्षक, महिला संघ, हे सगळं बऱ्याच अंशी त्या दोन-तीन शनिवारांच्या तिकिटांवर आणि प्रक्षेपणाच्या वाट्यावर उभं आहे. एक वर्ष खाली गेलं आणि इंग्लंडऐवजी बेल्जियमशी सामना आला तर हिशोब कोलमडेल, प्रादेशिक संघ मोडतील, खेळाडू फ्रान्सला जातील. रोमानियाचं झालं तेच वेल्सचं होईल. हे खोटं नाही. पण यातून निघतं काय? घसरण नको, हे निघत नाही. खाली जाणाऱ्याला उतरायला शिडी हवी, एवढंच निघतं. फुटबॉलमध्ये प्रीमियर लीगमधून खाली जाणाऱ्या क्लबांना पुढची काही वर्षं ठरावीक हिस्सा मिळतो. इथे तर सहा मालकच आहेत, ठराव त्यांनीच करायचा आहे: घसरलेल्या संघटनेला खालच्या दोन मोसमांत आधीच्या वाट्याचा मोठा भाग मिळेल, आणि वर आलेल्याला त्या काळात पूर्ण वाटा मिळणार नाही. जॉर्जिया ही अट आनंदाने मान्य करेल. मैदानाची अडचण त्याला नाही, तिबिलिसीत सुमारे ५४ हजारांचं स्टेडियम आहे. उणीव आहे ती त्यात खेळायला येणाऱ्या संघांची. सीव्हीसीचा हिस्सा ही मात्र नवी गाठ आहे. परतावा मोजणाऱ्या भागीदाराला अनिश्चितता आवडत नाही, आणि २०२१ नंतर हा विषय निव्वळ क्रीडाधोरणाचा राहिलेला नाही.

परंपरेच्या मुद्द्यावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपसाठी खेळतात, तो बंद पडलेल्या कलकत्त्याच्या क्लबने खात्यात उरलेले चांदीचे रुपये वितळवून घडवलेला आहे. परंपरा अशाच घडतात, हाताशी असलेलं काहीतरी वितळवून. चार देशांचे पाच झाले, पाचांचे सहा झाले.

ज्या आक्षेपाला उत्तर देणं मला स्वतःला अवघड वाटतं, तो सिक्स नेशन्सच्या बाजूने सहसा मांडलाच जात नाही: रग्बी युरोपच्या हाती किल्ली द्यावी एवढी ती विश्वासार्ह आहे का? १८ मार्च २०१८ ला ब्रसेल्समध्ये बेल्जियम आणि स्पेन यांचा सामना होता. स्पेन जिंकला असता तर २०१९ च्या विश्वचषकाला थेट गेला असता. हरला तर रोमानिया जाणार होता. या सामन्याला रग्बी युरोपने पंच नेमले ते रोमानियाचे, मधला पंचही आणि दोन्ही बाजूचे सहायकही. स्पेनने आधीच हरकत घेतली होती, ती फेटाळली गेली. संघटनेचे तेव्हाचे अध्यक्षही रोमानियाचे होते. स्पेन १०-१८ हरला, सामना संपताच त्याचे खेळाडू पंचाच्या अंगावर धावून गेले आणि त्यांतल्या काहींवर बंदी आली. कोणाचा हेतू वाईट होता असं म्हणायला आधार नाही. पण हितसंबंध टाळण्याचा नियम हेतू सिद्ध होण्याची वाट पाहत नसतो. तो संशयाला जागाच राहू नये म्हणून असतो. पुढचं तर त्याहून वाईट. या गोंधळात कागद तपासले गेले, तेव्हा रोमानिया, स्पेन आणि बेल्जियम तिघांनीही अपात्र खेळाडू खेळवल्याचं निघालं. प्रत्येक सामन्यामागे ५ गुण, असे स्पेनचे ४० आणि बाकी दोघांचे प्रत्येकी ३० गुण कापले गेले, आणि विश्वचषकाला गेला रशिया. दोन मोसम खेळलेल्या स्पर्धेचा निकाल मैदानावर न लागता फायलीत लागला. चार वर्षांनी स्पेनचा पुन्हा तोच कपाळमोक्ष: निवासाची अट, म्हणजे त्या देशात ठरावीक काळ राहण्याची अट, पुरी न केलेला एक प्रॉप (स्क्रमच्या पुढच्या फळीतला खेळाडू) नेदरलँड्सविरुद्ध दोनदा खेळला, त्याच्या पासपोर्टच्या प्रतीत फेरफार केलेला होता, १० गुण गेले आणि २०२३ चा विश्वचषकही गेला.

हे असं का होतं, ते कळलं तर उपायही कळतो. २३ जणांच्या संघात पुढच्या फळीचे, म्हणजे प्रॉप आणि हुकर मिळून, सहा प्रशिक्षित खेळाडू लागतात. कमी पडले तर स्क्रम नुसता नावापुरता लावावा लागतो आणि संघाला त्याची शिक्षा भोगावी लागते. अर्धव्यावसायिक लीग असलेल्या देशात आंतरराष्ट्रीय दर्जाचे सहा जण सापडणं कठीण. मग आजी-आजोबांच्या जन्मदाखल्यावर किंवा निवासाच्या अटीवर बाहेरचे खेळाडू येतात. निवासाची अट पूर्वी ३६ महिन्यांची होती, आता ६० महिन्यांची आहे. खेळाडू सुट्टीत मायदेशी किती दिवस होता, हे शिक्क्यांवरून मोजायचं असतं, आणि ते मोजतो त्याचा क्लब किंवा त्याची संघटना, ज्यांना तो हवाच असतो. दुसरा सापळा आधी दुसऱ्या देशाकडून खेळण्याचा. स्पेनचे २०१८ मधले दोन खेळाडू फ्रान्सच्या २० वर्षांखालील संघातून खेळलेले होते, आणि फ्रान्सने तो संघ तेव्हा आपला अधिकृत दुसरा संघ म्हणून जाहीर केलेला होता. रोमानियाचा खेळाडू टोंगाकडून सेव्हन्स खेळला होता. असल्या गोष्टी लहान संघटनेच्या एकट्या सचिवाला कळत नाहीत, पण मध्यवर्ती नोंदवहीत त्या एका नजरेत दिसतात. म्हणून पात्रतेची तपासणी रग्बी युरोपने स्वतःकडे घ्यावी: पहिल्या सामन्याच्या महिनाभर आधी कागद, जन्मदाखले देणाऱ्या कार्यालयातून थेट, पासपोर्ट मूळ प्रतीत, आणि एकदा मंजूर केलेल्या खेळाडूवरून नंतर गुण कापायचे ते फक्त फसवणूक निघाली तरच. पंचांचा नियम याहून सोपा: निकालावर ज्या देशाचं स्थान अवलंबून आहे, त्या देशाचा कोणीही मैदानावर नको. यासाठी काही फार पैसा लागत नाही. हे झाल्याशिवाय मात्र किल्ली मागायला जाऊ नये.

यंत्रणा कशी असावी, यावर दार उघडा म्हणणारे सहसा गप्प बसतात, कारण तिथे गोष्ट कॅलेंडरशी येऊन भिडते. सिक्स नेशन्स आणि रग्बी युरोप चॅम्पियनशिप दोन्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये एकाच वेळी चालतात, कारण क्लबांना खेळाडू सोडावेच लागतात ती मुदत तेवढीच आहे. घरी-बाहेरी असे दोन प्ले-ऑफ सामने ठेवायचे तर आणखी दोन आठवडे लागतील, आणि फ्रेंच क्लब ते देणार नाहीत. जॉर्जियाचे बरेचसे प्रॉप त्यांच्याकडेच पगारावर आहेत. जुलै दौऱ्यांनी भरलेला आहे, नोव्हेंबरही भरलेला. म्हणून व्यवहार्य तोडगा एकच: दोन मोसमांचे गुण मिळवून सिक्स नेशन्समध्ये तळाला राहणारा संघ आणि त्याच दोन मोसमांत चॅम्पियनशिपमध्ये अव्वल राहणारा संघ यांच्यात, दुसऱ्या मोसमाच्या अंतिम फेरीनंतरच्या शनिवारी, एकच सामना. मैदान तळाच्या संघाचं. तिकिटाचा पैसाही त्याचाच. दोन वर्षांचा हिशोब घेतल्याने एका दुखापतग्रस्त मोसमाची शिक्षा होत नाही; विश्वचषकाच्या पात्रतेसाठी रग्बी युरोपने २०१७-१८ मध्ये हीच पद्धत वापरली होती. आव्हान देणाऱ्यासाठी हे सगळं उताराच्या विरुद्ध आहे, हे मान्य. तरीही जॉर्जिया, स्पेन किंवा पोर्तुगाल त्यावर डोळे मिटून सही करतील.

पोर्तुगालचं नाव मुद्दाम घेतलं, कारण ‘खाली फक्त जॉर्जियाच आहे, मग यंत्रणा कशाला?’ असं विचारलं जातं. २०१८ ते २०२५ सलग आठ वेळा जॉर्जिया विजेता ठरला, हे खरं. पण २०१७ चं विजेतेपद रोमानियाने ८-७ अशा फरकाने हिसकावलं होतं. आणि २०२३ च्या विश्वचषकात शेवटून आत शिरलेला संघ पोर्तुगाल होता, दुबईत अमेरिकेशी शेवटच्या किकवर १६-१६ बरोबरी साधून. त्याने जॉर्जियाशी १८-१८ बरोबरी केली आणि उपांत्यपूर्व फेरीत गेलेल्या फिजीला २४-२३ हरवलं. स्पर्धेची वरची बाजू बंद असली की तिचा विजेता जिथल्या तिथे अडतो, आणि मग ‘एकाच संघाची मक्तेदारी’ म्हणून नावं ठेवायला आपण मोकळे.

येत्या काळात हा वाद विनोदी वळण घेण्याची शक्यता आहे. २०२६ पासून जुलै-नोव्हेंबरमध्ये बारा संघांची नेशन्स चॅम्पियनशिप सुरू होते. युरोपच्या बाजूने तिच्यात सिक्स नेशन्सचेच सहा संघ आहेत. तिच्या आणि खालच्या नेशन्स कपच्या दरम्यान २०३० पासून बढती-घसरण असेल, असं वर्ल्ड रग्बीने जाहीर केलं आहे. समजा त्या वर्षी वेल्स खाली गेला आणि जॉर्जिया वर आला. मग नोव्हेंबरमध्ये जॉर्जिया युरोपातल्या पहिल्या सहांत आणि वेल्स बाहेर. आणि तीनच महिन्यांनी, फेब्रुवारीत, वेल्स ट्विकनहॅमवर आणि जॉर्जिया स्वित्झर्लंडला. त्या फेब्रुवारीतल्या चॅम्पियनशिपचं वेळापत्रक रग्बी युरोपलाच काढावं लागेल, पंचही तीच नेमेल, आणि सामन्याच्या कागदावर जॉर्जियाच्या नावापुढे तोपर्यंत वेल्सच्या वरचा क्रमांक छापलेला असेल.